उजव्या हातावरचा माका

अर्ज लिहिण्याचा धंदा बाहेरून दिसतो तितका सोपा नाही, आणि आम्ही भासवतो तितका अवघडही नाही. बारामतीच्या कचेरीबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये माझे टेबल आहे. मंगळवारी मी इंदापूरला बसतो. टेबलावर ‘परवानाधारक अर्जनवीस’ अशी पाटी आहे आणि ती मी दर दिवाळीला नव्याने रंगवून घेतो. माझे शिक्षण दहावीपर्यंत झाले. दहावीचा निकाल काय लागला, हे गेल्या बावीस वर्षांत मला एकाही अधिकाऱ्याने विचारलेले नाही. माझा मसुदा वाचल्यावर तो प्रश्न कोणाला सुचत नसावा, अशी माझी नम्र समजूत आहे.

ज्यांचा कचेरीशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. माणूस आमच्याकडे येतो तो गाऱ्हाणे घेऊन. त्यात त्याचा आजा असतो, मेलेली म्हैस असते, लग्नात झालेला अपमान असतो. कचेरीला यातले काही चालत नाही. तिला विषय लागतो, गट नंबर लागतो, आणि शेवटी एक विनंती लागते. माणसाच्या तोंडातून जे निघते त्यातून म्हैस आणि अपमान वगळून विनंती तेवढी बाहेर काढणे हे आमचे काम. ते करताना म्हशीबद्दल शेवटपर्यंत ऐकून घ्यावे लागते, नाहीतर विनंती निघत नाही.

तऱ्हेतऱ्हेची माणसे येतात. पिंपळीचे एक गृहस्थ दर बाजारच्या दिवशी सख्ख्या भावाविरुद्ध तक्रार लिहून घेत, घडी करून खिशात ठेवत, आणि पुढच्या बाजारी येऊन तीच तक्रार मागे घेण्याचा अर्ज लिहून घेत. दोन्हींपैकी एकही कागद त्यांनी कचेरीच्या पायऱ्या चढवला नाही. मी विचारले तेव्हा म्हणाले, “भाऊसाहेब, कागदावर उतरलं की डोकं गार हुतं. भावाला कशाला मधी घ्यायचा?” अशा माणसांमुळे हा धंदा नुसता पोटापुरता राहत नाही.

मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या वृद्ध अर्जनविसांनी मला एकच नियम शिकवला होता. मजकूर वाचून दाखवल्याशिवाय सही घ्यायची नाही. ते म्हणत, “माणूस कागद बघून सही करत नाही, तुझ्या तोंडाकडे बघून करतो.” म्हणून प्रत्येक अर्जाच्या तळाशी आमची ठरलेली ओळ असते: ‘वरील मजकूर मला वाचून दाखविण्यात आला असून तो मला मान्य आहे.’ ही ओळ मी हजारो वेळा लिहिली असेल. ती एकदा खोटी लिहिली, आणि त्या एका वेळेची ही हकिकत आहे.

हकिकतीपूर्वी माझ्या दोन डब्यांविषयी सांगणे आवश्यक आहे. टेबलाच्या उजव्या बाजूला तेलाच्या दोन रिकाम्या डब्यांत मी एक वनस्पती लावली होती. जाड, तुकतुकीत पाने आणि बारा महिने पिवळी धमक फुले. एका जुन्या पुस्तकात केसांच्या औषधाखाली असेच पिवळे चित्र मी पाहिले होते व खाली ‘माका’ असे छापलेले होते. तेव्हापासून ही वनस्पती म्हणजे माका, असे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला अधिकारवाणीने सांगत असे व मागेल त्याला पाला देत असे. एक निवृत्त एसटी कंडक्टर तर वर्षभर नेमाने पाला नेऊन टक्कलावर चोळत होते. “फरक वाटतो,” असे ते म्हणत. कोणता फरक, ते मी कधी विचारले नाही.

आणि मग कन्हेरीच्या शालनबाई आल्या.

चाळिशीच्या आसपासच्या, डोक्यावर पदर, हातात तहसीलची नोटीस. नवरा लोणी देवकरला कंपनीत पाळीवर जाणारा, त्यामुळे कचेरीचे काम त्यांच्यावर. टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

“भाऊसाहेब, हरकत लिवायची हाय.”

“कशाबद्दल?”

“विलासतात्या रस्ता मागत्यात. माझ्या माक्यातनं.”

मी त्यांना बसवले आणि नेहमीप्रमाणे म्हशीपासून ऐकून घेतले. विलासतात्या हे त्यांच्या भावकीतलेच. त्यांचे उसाचे रान मागच्या बाजूला. तोडणीच्या वेळी भरलेला ट्रॅक्टर लांबचा वळसा घालून काढावा लागतो, ही त्यांची अडचण खरी होती. मध्ये शालनबाईंची बारा गुंठ्यांची पट्टी. कालव्याच्या पाझराने ती सदा ओली. तिथे ऊस लावला तर मुळ्या कुजतात, गहू पिवळा पडतो. सातबाऱ्यावर पिकाच्या रकान्यात सासऱ्यांच्या काळापासून ‘गवतपड’ अशीच नोंद चालत आलेली. तात्यांनी अर्जात नेमके हेच धरले होते: पट्टी पडीक आहे, तीत फक्त गवत आहे, सबब तेथून रस्ता दिल्यास कोणाचेही नुकसान नाही.

“आणि तुमच्या म्हणण्याप्रमाणे तिथे काय आहे?”

“माका हाय, भाऊसाहेब. सा वरसं झाली. पयल्यांदा कालव्याच्या चारीच्या कडंला आपसूक आल्याला बगितला. म्हनलं, ह्या चिखलात समदं मरतंय आन् ह्यो हासतोय. मग त्येचंच बी धरलं, वाफं केलं. आता वाळवून वैद्याकडं जातोय, तेलासाठी. बाकीच्या रानात काय लावायचं ते घरची मानसं ठरिवत्यात. ह्या पट्टीत मी ठरिवते.” मग त्या म्हणाल्या, “वरनं मुरूम पडला की पाझर बंद. मग रस्त्याच्या कडंचं बी जातं. समदी पट्टी मेली.”

प्रकरण माझ्या ध्यानात आले. रस्ता देताना ज्याच्या रानातून द्यायचा त्याचे नुकसान कमीत कमी व्हावे, हे अधिकाऱ्याला पाहावे लागते. तिथे पीक आहे असे ठरले तर हरकत टिकणार होती. गवत आहे असे ठरले तर रस्ता. पट्टीपुरता मधला पर्याय नव्हता. मी लेखणी सरसावली. आता संगणक आहे, पण सरसावतो मी लेखणीच.

“फुले कशी?”

“पांढरी. शर्टाच्या बटनाएवढी.”

मी हसलो. “बाई, माका पिवळा असतो. हा पाहा.” आणि डब्याकडे बोट दाखवले.

त्यांनी वाकून पाहिले, एक पान बोटांत धरून सोडून दिले. “ह्यो कोन जानं. बागंत लावत्यात त्यातला दिसतोय. माका न्हाय ह्यो.”

“तुम्ही अनुभवाने सांगता, मी ग्रंथाधारे सांगतो. अधिकारी ग्रंथ पाहतात.”

त्या गप्प बसल्या. समोरचा गप्प बसला म्हणजे त्याला पटले, अशी माझी त्या काळी समजूत होती. मी लिहिले: ‘सदर क्षेत्रात हरकतदार ही पीतवर्णी पुष्पे धारण करणाऱ्या माका नामक औषधी वनस्पतीची शास्त्रोक्त लागवड करीत असून…’ हा परिच्छेद मला अत्यंत साधला असे वाटले. छापून कागद पुढे केला तेव्हा शालनबाईंच्या गाडीची वेळ झाली होती. “बाकी नेहमीचेच आहे,” मी म्हणालो. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले आणि सही केली. मी वाचून दाखवले नाही.

हरकतीची प्रत समोरच्याला मिळते. आठ-दहा दिवसांनी विलासतात्या शेडमध्ये आले. साठीचे, गोल चेहऱ्याचे, बोलण्यात साखर घालणारे गृहस्थ. कागद पुढे धरून म्हणाले, “भाऊसाहेब, ह्ये पीतवर्णी म्हंजी काय वो? आमी अडानी मानसं.”

मला बरे वाटले, हे कबूल करतो. “पिवळ्या रंगाची.”

“व्हय व्हय. लई भारी लिवलंय. आन् ह्या डब्यातला त्योच का?”

“तोच. माका.”

“एक काडी न्हिऊ? डोक्याला लावीन म्हनतो.”

मी स्वतःच्या हाताने चांगली वीतभर काडी खुडून दिली. ती त्यांनी हळुवार हाताने पिशवीत ठेवली. डोक्याला लावायचा पाला कोणी एवढ्या जपून ठेवत नाही, हे माझ्या लक्षात यायला हवे होते.

स्थळपाहणीच्या दिवशी अर्जनविसाने जाण्याची रीत नाही. पण शालनबाईंनी विनवले, आणि आपण लिहिलेला मजकूर अधिकाऱ्यासमोर वाचला जाताना ऐकण्याची हौस मला होती. मी मोटरसायकलवरून कन्हेरीला गेलो. सकाळचे दहा वाजले होते. नायब तहसीलदार मॅडम आल्या होत्या, पंचनामा लिहायला तलाठी होते, गावातले पाच पंच होते. तात्या बांधावर उभे होते, हातात तीच पिशवी.

मी प्रथमच ती पट्टी पाहिली. गुडघ्याएवढी हिरवी रोपे, आणि त्यांवर नजर पोचेल तिथवर बारीक बारीक फुले. पांढरी. शर्टाच्या बटणाएवढी.

मी कुठेतरी एखादे पिवळे फूल दिसते का पाहू लागलो. बारा गुंठ्यांत एक नव्हते.

मॅडमनी हरकत वाचायला घेतली. माझ्याच परिच्छेदाशी त्या थांबल्या. “पीतवर्णी पुष्पे. म्हणजे पिवळी फुलं. कुठे आहेत?”

तात्यांनी पिशवीतून काडी काढली. पाण्यात ठेवून ताजी राखली होती.

“मॅडम, अर्जातला माका आमी बी वळखतो. ह्यो बघा. पिवळा. आता हितं ह्येची एक काडी दावा, मी रस्ता सोडतो.”

“ही कुठून आणलीत?”

“भाऊसाहेबांच्या टेबलावरनं. त्यांनीच दिलीया. इचारा की, उभं हायेत.”

पंचांपैकी एकाने तोंडावर उपरणे धरले. मॅडमनी माझ्याकडे पाहिले. बावीस वर्षांत कोणा अधिकाऱ्याने माझ्याकडे असे पाहिले नव्हते.

शालनबाई वाफ्यात उतरल्या. “मॅडम, ह्यो काय पन असंल, माका न्हाय. माका ह्यो.” त्यांनी एक रोप मुळासकट उपटून आणले.

तात्यांनी खाली वाकून बांधावरची एक वनस्पती उपटली. “मग ह्ये बी माकाच की! पान खरबरीत, फूल पांढरं. ह्येला आमी गवत म्हनतो.”

“तात्या, ती एकदांडी,” शालनबाई म्हणाल्या. “पोरांचं गुडघं फुटलं की तिचाच पाला चोळता तुमी. मॅडम, बगा. एकदांडीला लांब दांडी, वर एकच फूल, मधी पिवळं. पानाला कातरल्यागत दातं. आन् माक्याचं पान निमुळतं, देठ जवळजवळ न्हायच, जोडीजोडीनं येतंय. खोड तांबूस. फूल पानाच्या बगलंतनं निगतंय. हात फिरवा, खरबरीत लागंल.”

मॅडमनी दोन्ही हातात धरून पाहिले. “फरक दिसतोय. पण हाच माका हे कशावरून? मी काही वनस्पतिशास्त्र शिकलेले नाही. पंचनाम्यात मला खात्रीने लिहावं लागेल.”

“पाला चोळा, मॅडम. जरा यळ थांबा. हात काळा पडतो. म्हनून तर केसाला लावत्यात.” त्यांनी तळहात पुढे केला. तो कधीचाच काळवंडलेला होता. बोटांच्या पेरांत, नखांच्या कडांना सहा वर्षांचा माका मुरला होता.

“तुमचा हात आधीच काळा आहे. तो चालणार नाही.”

“माझा बी नको,” तात्या घाईने म्हणाले, “टॅक्टरचं आयल लागलंय.” पंचांचे हात मातीचे होते. तलाठ्यांच्या बोटांना शाई होती. मग सगळ्यांच्या नजरा एकाच ठिकाणी स्थिरावल्या. माझे हात स्वच्छ असतात. शाईचा डाग पडलेला कागद मी आजवर कोणाला दिलेला नाही, आणि त्यासाठी मी टेबलाशी साबण ठेवतो.

“भाऊसाहेब, हात पुढे करा,” मॅडम म्हणाल्या. “डाव्यावर अर्जातला, उजव्यावर शेतातला.”

तलाठ्यांनी दोन्हींचा पाला चुरगळून माझ्या तळहातांवर चोळला. दोन्ही हात सारखेच हिरवे झाले. मी भीक मागावी तसा हात पसरून बांधावर उभा राहिलो.

दोन मिनिटे गेली असतील. डावा हिरवा, उजवाही हिरवा.

“न्हाय पडत काळा,” तात्या म्हणाले.

“पडंल. दम धरा.” शालनबाईंचा आवाज बारीक झाला होता.

मॅडमनी घड्याळ पाहिले. “मला पुढे अजून एक पाहणी आहे.”

त्या क्षणी माझ्या मनात काय आले ते लिहितो, कारण खरे लिहायचे तर तेही आले पाहिजे. उजवा हात काळा पडू नये, असे मला वाटले. तो हिरवा राहिला असता तर चूक बाईंची ठरली असती आणि माझा परिच्छेद उभा राहिला असता. हा विचार क्षणभरच टिकला. समोर शालनबाई माझ्या तळहाताकडे अशा पाहत होत्या, जणू तो हात माझा नव्हताच. त्यांच्या ओठांतून काहीतरी पुटपुटणे चालू होते. पदराचे टोक बोटाला गुंडाळून गुंडाळून त्यांनी बोट पांढरे केले होते.

मग उजव्या तळहाताच्या रेषांत, जिथे रस साचला होता तिथे, हिरव्याचा मळकट रंग झाला. आधी रेषा काळसर झाल्या. मग अंगठ्याच्या खालचा उंचवटा निळसर पडला, आणि बघता बघता तवा घासल्यावर होतो तसा सगळा तळवा काळा झाला. डावा होता तसाच हिरवा राहिला.

“लिहा,” मॅडम तलाठ्यांना म्हणाल्या. “शेतातली वनस्पती माका असल्याचं समक्ष निदर्शनास आलं.”

तात्या हार मानणारे नव्हते. “असंल माका. पन लावलाय कुनी? आपसूक उगवतंय ते गवतच की, मॅडम.”

शालनबाईंनी नुसता हात केला. “आपसूक आल्यालं वळीत उबं ऱ्हातं का, तात्या?” खरोखरच रोपे ओळीत होती. एका कोपऱ्यात बोटभर रोपांचा दाट वाफा होता. तिथून उपटून पुढे लावत. कडेच्या दोन ओळी बियांसाठी राखल्या होत्या, त्यांची फुले झडून टिकल्यांएवढी काळी बोंडे धरली होती. बांधावरच्या मांडवाखाली कापलेला माका तारांवर सावलीत टांगला होता. “उनात वाळवला की पानी जातं आन् गुन बी जातो,” त्या म्हणाल्या. “फूल आलं की कापायचा, बुडखा ठिवायचा, परत फुटतोय.”

पंचांनी माना डोलावल्या. मला वाटले, संपले. मॅडमनी कागद मिटला नाही.

“पीक सिद्ध झालं, पण हरकत नाही झाली. हरकतीत पिवळ्या फुलांचं पीक आहे, खाली बाईंची सही आहे. उद्या अपिलात हे म्हणतील, हरकतच खोटी होती. आणि ते बरोबर असेल.” त्या शालनबाईंकडे वळल्या. “हे वर्णन तुम्ही सांगितलंत?”

शालनबाईंनी माझ्याकडे पाहिले. मग खाली पाहिले.

“वाचून दाखवलं होतं तुम्हाला?”

त्यांनी पदर सारखा केला. त्यांनी एवढेच म्हणायला हवे होते: ‘न्हाय’. त्या एका शब्दाने त्यांची पट्टी वाचत होती. पण त्या मला भाऊसाहेब म्हणत होत्या, मी त्यांच्या बोलावण्यावरून आलो होतो, आणि चार माणसांत मला खाली पाहायला लावणे त्यांना जड जात होते. मी हे सगळे त्यांच्या तोंडावर स्पष्ट वाचू शकत होतो. आयुष्यभर माणसांची तोंडे वाचणे हाच माझा धंदा.

तात्या गोड आवाजात म्हणाले, “बाईच्याच बोलन्यात आलं असंल, भाऊसाहेब. तुमी काय, सांगंल तसं लिवनार. तुमचा काय दोष?”

सुटकेचे दार उघडे होते. मी फक्त मान हलवायची होती. बाईंनी नाकारले नसते. आणि परवाना? ‘वाचून दाखविण्यात आला’ ही ओळ खोटी लिहिली हे मीच कबूल केले तर परवान्याचे काय होते, हे मला चांगले माहीत होते.

“मॅडम,” मी म्हणालो, “बाईंनी फुले पांढरी सांगितली होती. पिवळी मी घातली.”

“आणि वाचून दाखवलंत?”

“नाही.”

तात्यांनी पिवळी काडी बांधावर टाकून दिली.

“लिहून द्या,” मॅडम म्हणाल्या. “आत्ता. पंचनाम्याला जोडायचं आहे.”

मोटरसायकलच्या सीटवर कागद ठेवून मी माझ्या आयुष्यातला पहिला जबाब लिहायला बसलो. दुसऱ्यांचे शेकडो लिहिले होते. अशा प्रसंगी आमच्याकडे एक तयार शब्द असतो: ‘नजरचुकीने’. गट नंबर चुकला, नाव चुकले, तारीख चुकली, सगळे नजरचुकीने. हात सवयीने तोच शब्द लिहून गेला. मी थांबलो. शालनबाईंच्या रानाकडे मी नजर टाकलीच नव्हती. मी तो शब्द खोडला. माझ्या हातची खाडाखोड असलेला तो एकमेव कागद सरकारदप्तरी आहे. त्यात पुढे असे आहे: ‘हरकतदार यांनी फुले पांढरी असल्याचे मला सांगितले होते. मी ऐकले नाही. मला माका ओळखता येत नव्हता. मजकूर वाचून दाखविला नाही.’ एकूण चार वाक्ये. एवढा छोटा कागद मी कधी लिहिलेला नाही. सहीच्या बाजूला काळ्या बोटांचे ठसे उमटले ते वेगळे.

मॅडमनी वाचले, घडी घातली, आणि गाडीत बसताना एवढेच म्हणाल्या, “वाचून दाखवत जा.” परवान्याचा विषय त्यांनी काढला नाही. पुढचे कित्येक दिवस कचेरीचा शिपाई शेडकडे येताना दिसला की मी आधी त्याच्या हातात कागद आहे का ते बघायचो.

महिन्याभराने निकाल आला. रस्ता मिळाला, पण उत्तरेच्या सामाईक बांधावरून, दोघांचा सारखा भाग धरून. तिथली जमीन कोरडी. तात्यांना वळसा थोडा उरला. निकालाची नक्कल घ्यायला ते आले तेव्हा टेबलाकडे बघून म्हणाले, “भाऊसाहेब, डबं कुठं गेलं? आता आमी डोक्याला काय लावायचं?” ते हसले, आणि चहा मात्र त्यांनीच सांगितला.

कंडक्टरसाहेबांनाही मी खरे सांगून टाकले. ते बराच वेळ टोपी हातात फिरवत बसले. “मला शंका होतीच,” म्हणाले, “पण तुम्ही इतक्या विश्वासानं द्यायचात.” ते माझ्या मनाला जबाबापेक्षा जास्त लागले. डब्यातला पाला फुकटचा होता. त्याच विश्वासाने बावीस वर्षांत मी आणखी किती कागदांत किती पिवळी फुले घातली असतील, हे आता शोधता येणार नाही.

शालनबाईंनी मला पुडीत बी दिले. काळे, बारीक, मोहरीहून हलके. मी डब्यांत माती भरली, बोटाने खड्डे केले, बी टाकले, वरून माती नीट दाबली. तीन आठवडे पाणी घातले. काही उगवले नाही. त्या पुढच्या वेळी कचेरीत आल्या तेव्हा विचारले.

“झाकलंसा व्हय?”

“झाकणारच. बी आहे.”

“भाऊसाहेब, त्येला उजेड लागतोय. वर नुसतं भुरभुरायचं, हातानं थापटायचं, आन् माती ओली ठिवायची. तुमी पुरून टाकलंसा.” त्या पदराआड हसल्या. “कशाला बी दाबून बसायची सवच लागलीया तुमास्नी.”

दुसऱ्यांदा त्यांच्या पद्धतीने केले. बारा-पंधरा दिवसांत दोन दोन पानांची रोपे वर आली. आता डब्यांत पांढरा माका आहे. शोभा म्हणून पाहाल तर काही नाही. येणारे विचारतात, हे गवत कशाला ठेवलंय? मी त्यांच्या तळहातावर एक पान चोळतो आणि त्यांचा अर्ज लिहून होईपर्यंत थांबायला सांगतो. आता मी प्रत्येक अर्ज अखेरपर्यंत मोठ्याने वाचतो. पुष्कळजण कंटाळतात. पिंपळीचे गृहस्थ मात्र भावाविरुद्धची तक्रार दोनदा वाचून घेतात.

गेल्या पावसाळ्यात शालनबाई पुन्हा आल्या. सातबाऱ्यावरची ‘गवतपड’ काढून तिथे माका लावून घ्यायचा होता. मी अर्ज तयार केला, छापला आणि वाचायला घेतला. त्या हात मांडीवर ठेवून ऐकत होत्या. वर्णनाच्या ओळीत मी फुलांच्या रंगाची जागा मोकळी सोडली होती. तिथे आलो, थांबलो, आणि पेन त्यांच्यापुढे केले.

“मी लिवू?” त्या म्हणाल्या. “माझं अक्षर लई वंगाळ हाय. चौथीत सुटलीया शाळा.”

“लिहा.”

त्यांनी कागद जवळ ओढला, वाकल्या, आणि एकेक अक्षर कोरत लिहिले: पांढरा. रेघ थोडी वर चढली. माझ्या सरळ छापलेल्या ओळींच्या मधोमध तो शब्द बांधावरच्या वाटेसारखा वाकडा दिसत होता, आणि कागदाच्या कडेला त्यांच्या अंगठ्याचा काळसर डाग उमटला होता.

डाग पडलेला कागद मी कोणाला देत नाही, हे वर लिहिलेच आहे. माझा हात सवयीने कोऱ्या कागदाकडे गेला. मग मी तो मागे घेतला, उरलेला मजकूर वाचून पूर्ण केला आणि तोच कागद त्यांच्या हाती दिला.